वसतिगृह, खासगी इमारत की चौघींचे भाड्याचे घर: खर्च आणि दर्जा नेमका कसा तोलावा?

(एका विद्यार्थिनीचा प्रश्न आणि त्यावर आलेली उत्तरे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

पॅसेजच्या टोकाला

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे माझे पहिले वर्ष संपत आले असून, पुढच्या वर्षी कुठे राहायचे हे मला तीन आठवड्यांत कळवायचे आहे. सध्या मी विद्यापीठाच्या वसतिगृहात दोघींच्या खोलीत राहते. शुल्क दहा महिन्यांचे घेतात आणि त्यात वीज, पाणी, इंटरनेट सारे धरलेले असते. सुट्टीचे दोन महिने मात्र खोली रिकामी करून द्यावी लागते. खोली अंधारी नाही, पण कपाटामागच्या भिंतीला ओल आहे, आमच्या मजल्यावर सोळा जणींमध्ये दोन बाथरूम आहेत, आणि सकाळी साडेसातनंतर गरम पाणी मिळाले तर तो दिवस चांगला गेला असे आम्ही समजतो.

दुसरा पर्याय म्हणजे विद्यापीठाजवळच झालेली, खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेली खासगी इमारत. तिथे एकटीची खोली, स्वतंत्र बाथरूम, अभ्यासिका, व्यायामशाळा असे सगळे आहे. वीज-पाणीही भाड्यातच आहे, पण करार पूर्ण बारा महिन्यांचा आहे. तिसरा पर्याय म्हणजे वर्गातल्या तिघी मैत्रिणींसोबत चार खोल्यांचे घर भाड्याने घेणे. ते विद्यापीठापासून चाळीस मिनिटांवर आहे, करार तिथेही बारा महिन्यांचा आहे आणि विजेपासून खाटेपर्यंत सारे आपले आपण पाहायचे आहे.

प्रत्येक ठिकाणचे आकडे वेगळे असणार, म्हणून मी ते प्रमाणात मांडते. वसतिगृहाचे महिन्याचे शुल्क १०० धरले, तर खासगी इमारतीचे भाडे १६५ आहे आणि भाड्याच्या घरातला माझा वाटा ७५. वरवर पाहता तिसरा पर्याय सर्वांत स्वस्त दिसतो आणि घरातलेही तेच म्हणतात. पण हा हिशेब इतका सरळ असेल असे मला वाटत नाही. शिवाय दर्जा कशावरून ठरवायचा, हेही मला नीट उमगलेले नाही. दाखवायला नेतात तेव्हा सगळ्याच जागा चांगल्या दिसतात.

आणखी एक प्रश्न, जो थोडा रागातून आलेला आहे. वसतिगृहाचे शुल्क दरवर्षी वाढते आणि आमच्या पॅसेजमधला दिवा मात्र मी आले त्या दिवसापासून तसाच लुकलुकतो आहे. हे पैसे जातात तरी कुठे?

हिशेबाची वही

तुमची शंका रास्त आहे. महिन्याच्या भाड्याची तुलना करणे हीच पहिली चूक असते, कारण तीनही जागांचा 'महिना' एकसारखा नाही. तुलना करायची ती वर्षभरात खिशातून जाणाऱ्या एकूण रकमेची, आणि त्या रकमेला तुम्ही प्रत्यक्ष जितके महिने तिथे राहणार तितक्यांनी भागून.

तुमचेच प्रमाण घेऊन मांडतो. वसतिगृहाचे दहा महिन्यांचे १००० झाले आणि त्यात सारे आले. भाड्याच्या घराचे ७५ गुणिले बारा म्हणजे ९००. त्यात वीज, पाणी आणि इंटरनेट यांचा तुमचा वाटा महिन्याला १२ धरला तर वर्षाचे १४४. जाण्यायेण्याला महिन्याला १० लागतील असे धरले तर दहा महिन्यांचे १००. खाट, गादी, टेबल, स्वयंपाकघरातल्या वस्तू, दलाली यांतला तुमचा चौथा हिस्सा ६० धरला, तर बेरीज १२०४ होते. तुम्ही तिथे दहा महिने राहणार असाल, तर ७५ ला दिसणारी जागा प्रत्यक्षात महिन्याला १२० ला पडली. सुट्टीतल्या दोन महिन्यांसाठी आपल्या जागी दुसरी कोणी ठेवता आली तर १५० परत मिळतील आणि आकडा १०५४ वर येईल. पण त्या काळात सगळेच गावी गेलेले असतात आणि घरमालकाची परवानगीही लागते, तेव्हा हे १५० मिळणारच असे धरून चालू नये. खासगी इमारतीचे वर्षाचे १९८० होतात, म्हणजे दहा महिन्यांच्या हिशेबाने महिन्याला १९८.

आता हाच हिशेब उलटा करून पाहा. प्रबंधाच्या कामासाठी तुम्हाला सुट्टीतही थांबावे लागणार असेल, तर वसतिगृह सोडून ते दोन महिने कुठेतरी तात्पुरती जागा घ्यावी लागेल. ती महिन्याला ११० ला मिळाली, तर वसतिगृहाचे १२२० होतात. भाड्याच्या घरात प्रवासाचे बारा महिने धरून १२२४ होतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत. त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न 'भाडे किती' हा नसून 'सुट्टीत तुम्ही कुठे असाल' हा आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या मार्गदर्शकांकडे आहे, घरमालकाकडे नाही.

दोन गोष्टी बेरजेत येत नाहीत, पण त्या सोडून चालणार नाही. एक म्हणजे पैसे कधी द्यावे लागतात. वसतिगृह बहुधा सत्राचे शुल्क एकदम घेते, म्हणजे पहिल्याच दिवशी ५००. भाड्याच्या घरात दोन महिन्यांची अनामत १५०, पहिल्या महिन्याचे ७५ आणि सामानाचे ६० मिळून २८५ लागतात. वर्षाचा विचार करता महाग असलेली जागा पहिल्या दिवशी स्वस्त असू शकते, आणि शिष्यवृत्ती उशिरा जमा होत असेल तर हा फरक फार मोठा असतो. दुसरी गोष्ट वेळेची. जाऊन-येऊन रोजची ८० मिनिटे, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे साधारण ४० आठवडे, असे धरले तर सुमारे २६७ तास प्रवासात जातात. त्यांची किंमत किती लावायची हे तुम्ही ठरवा. ती शून्य मात्र धरू नका.

निवृत्त अधीक्षक

पैसे कुठे जातात, हा प्रश्न माझ्या कार्यालयात दरवर्षी किमान एकदा तरी तावातावाने विचारला जात असे. त्याचे उत्तर देतो. वसतिगृहाचा खर्च खोल्या भरल्या काय आणि रिकाम्या राहिल्या काय, फारसा बदलत नाही. बांधकामाच्या कर्जाचे हप्ते, पहारेकरी, सफाई कामगार, लिफ्टची देखभाल, सामाईक जागांची वीज, विमा, हे सारे वर्षाचे बारा महिने चालू असते आणि शुल्क मात्र दहा महिन्यांचे येते. म्हणजे तुमच्या दहा महिन्यांच्या १००० मध्ये सुट्टीतल्या बंद इमारतीचाही खर्च असतो. त्यात खाटा रिकाम्या राहिल्या की भार उरलेल्यांवर पडतो. दोनशे खाटांच्या इमारतीत वीस खाटा रिकाम्या राहिल्या, तर तोच खर्च १८० जणांत वाटला जातो आणि प्रत्येकाचा वाटा ११ टक्क्यांनी वाढतो. मग शुल्क वाढले म्हणून आणखी काही जण बाहेर पडतात, आणि पुढच्या वर्षी हेच चक्र पुन्हा फिरते.

आता तुमच्या दिव्याविषयी. शुल्क ठरवणाऱ्या बैठकीत सर्वांत आधी कात्री लागते ती दुरुस्तीला, कारण हप्ता चुकला तर बँक विचारते, पगार चुकला तर कामगार विचारतात, पण गच्चीचे जलरोधक काम एक वर्ष पुढे ढकलले तर त्या वर्षी कोणीच काही विचारत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी असे सुचवले होते की, इमारत आज नव्याने उभारायला जो खर्च येईल त्याच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी देखभालीवर खर्च झाली पाहिजे. माझ्या कारकिर्दीत मला एका टक्क्याच्या वर रक्कम मिळाल्याचे आठवत नाही. न केलेली दुरुस्ती नाहीशी होत नाही, ती साचत जाते. पाइपाच्या जोडातून थेंब पडतो तेव्हा एक वायसर पुरतो. तोच थेंब तीन वर्षे पडला की खालच्या खोलीचे प्लास्टर, वायरिंग आणि दोन मुलींच्या पुस्तकांची भरपाई द्यावी लागते.

इमारत कोणाची आणि दुरुस्ती कोणाची, हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी जमीन विद्यापीठाची, बांधकाम विकसकाचे आणि व्यवस्थापन तिसऱ्याच कंपनीचे, असा दीर्घ मुदतीचा करार असतो आणि त्यात वार्षिक भाडेवाढ आधीच लिहून ठेवलेली असते. अशा ठिकाणी गळक्या नळाची तक्रार विद्यापीठाने कंपनीकडे ढकलायची आणि कंपनीने विकसकाकडे, असा खेळ चालतो. जबाबदारी एकाच नावावर असलेली जुनी इमारत मला तीन नावांच्या नव्या इमारतीपेक्षा बरी वाटते.

दर्जा पाहण्यासाठी एक आतली खूण सांगतो. जागा दाखवायला कोणी नेले, की त्यांना तक्रार-नोंदवही मागा, ती संगणकावर असली तरी. त्यात किती तक्रारी आहेत याला महत्त्व नाही, कारण जिथे लोक तक्रार करतात तिथे कोणीतरी ऐकतही असते. तक्रार नोंदवल्याची तारीख आणि काम पूर्ण झाल्याची तारीख यांत किती दिवस गेले, ते पाहा. पाण्याची तक्रार दोन दिवसांत आणि सुताराचे काम पंधरवड्यात होत असेल, तर ते वसतिगृह चांगले आहे असे समजा. नोंदवही दाखवायला कोणी आढेवेढे घेतले, तर तेही एक उत्तरच असते. आणि प्रवेशाच्या हंगामात ताज्या रंगाचा वास आला तर हुरळून जाऊ नका. त्या महिन्यात आम्हीही रंग देत असू, आणि सर्वांत आधी ओल असलेल्या भिंतींना.

ओळंबा

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि दर्जाच्या प्रश्नावरच लिहितो. खोलीतल्या ज्या गोष्टी तुम्ही नंतर बदलू शकत नाही, दर्जा त्यांवरून ठरवायचा. गादी बदलता येते, पडदा लावता येतो, टेबलावरचा दिवा विकत आणता येतो. खिडकी, हवा, आवाज, ओल आणि एका बाथरूममागची माणसे मात्र आहेत तशी स्वीकारावी लागतात. व्यायामशाळा आणि चकचकीत बैठकीची खोली ही जाहिरातीच्या छायाचित्रात येतात, आणि खिडकी उघडते की नाही हे छायाचित्रात येत नाही, म्हणून विकसक पैसा पहिल्या प्रकारावर घालतात.

हवेपासून सुरुवात करू. माक्स फोन पेटनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच असे मांडले होते की, राहत्या खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत १००० भागांच्या वर जाऊ नये, कारण त्या पातळीवर माणसांच्या श्वासाने कोंदटलेली हवा जाणवू लागते. हा आकडा आजही व्यवहारात मापदंड म्हणून वापरला जातो. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सुमारे ४२० असते. दारे-खिडक्या घट्ट बंद करून दोघे जण लहान खोलीत झोपले, तर तास-दोन तासांत १००० ची पातळी ओलांडली जाते. सकाळी डोके जड होते ते दर वेळी जागरणानेच होते असे नाही. म्हणून खिडकी किती मोठी आहे त्यापेक्षा ती किती उघडते ते पाहा. उंच इमारतींत सुरक्षेसाठी खिडकी चार बोटेच उघडेल अशी अडकवण लावलेली असते. तसे असेल तर हवा आत आणणारी यांत्रिक व्यवस्था आहे का, आणि ती रात्रीही चालू असते का, हे विचारा.

खिडकीवाचून माणसे राहू शकतात असे मानणारेही होऊन गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा संकुलात सुमारे ४५०० विद्यार्थ्यांसाठी अकरा मजली वसतिगृहाची योजना आखली गेली होती आणि तिच्यातल्या बहुसंख्य एकेरी खोल्यांना खिडकीच नव्हती. देणगी देणाऱ्या चार्ल्स मंगर यांचाच तो आराखडा होता. एक सल्लागार वास्तुरचनाकार, डेनिस मॅकफॅडन, यांनी २०२१ मध्ये त्याच्या निषेधार्थ राजीनामा दिला, वाद जगभर गाजला, आणि २०२३ मध्ये विद्यापीठ दुसऱ्या आराखड्यांकडे वळले. याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे फिनलंडचे वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेसाठी रचलेले आणि १९४९ मध्ये पुरे झालेले बेकर हाउस हे वसतिगृह. समोर नदी, पण नदीलगत रहदारीचा रस्ता. अशा जागी त्यांनी इमारत नागमोडी केली, त्यामुळे बहुतेक खोल्यांना नदी दिसते आणि तीही तिरकी, म्हणजे रस्त्याकडे थेट तोंड न करता. सरळ पॅसेजच्या दोन्ही बाजूंना खोल्या ठोकणे यापेक्षा नक्कीच स्वस्त पडले असते.

आता बाथरूम आणि स्वयंपाकघर. सामाईक जागा वाईट असते असे नाही, ती किती जणांत आहे यावर सारे अवलंबून असते. कोपनहेगनमधले २००६ मध्ये पूर्ण झालेले टीटगेन वसतिगृह गोल आहे, त्यात ३६० खोल्या आहेत आणि दर बारा खोल्यांमागे एक मोठे स्वयंपाकघर आहे. बारा माणसे एकमेकांना नावाने ओळखतात, त्यामुळे भांडे कोणी घासले नाही हे कळते. हीच सोय साठ जणांत असती तर ती कोणाचीच राहिली नसती. तुमच्याकडे एका बाथरूममागे आठ जणी आहेत आणि सगळ्यांना सकाळी एकाच तासात तयार व्हायचे असते, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला साडेसात मिनिटे येतात. अडचण स्वच्छतेची नसून संख्येची आहे आणि तक्रार केल्याने ती सुटणार नाही.

क्षेत्रफळाचा एखादा आधार हवा असेल, तर इंग्लंडमध्ये २०१८ पासून अनेकांनी मिळून राहायच्या परवानापात्र घरांत एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ आणि दोघांच्या खोलीला १०.२२ चौरस मीटर जागा लागते. हे किमान आहे, चांगले नव्हे. पण टेप घेऊन गेलात तर समोरचा माणूस जरा सावरून बोलतो, हा माझा अनुभव आहे. आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने झोपायच्या खोलीत रात्री ३० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. मोजायला उपकरण नसले तरी रात्री अकराच्या सुमारास त्या जागी दहा मिनिटे गप्प उभे राहता येते. जागा दोनदा पाहावी, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. दुसऱ्या वेळी मात्र न कळवता.

तुमच्या ओलीविषयी एक सोपी परीक्षा सांगतो. कपाट पुढे ओढा, भिंतीचा तो भाग कोरडा पुसून घ्या आणि वीतभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून त्यावर घट्ट बसवा. दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतून, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, थेंब जमले असतील तर पाणी भिंतीतून येते आहे; कुठेतरी गळती आहे आणि ती दुरुस्त केल्यावाचून तिथे राहण्यात अर्थ नाही. थेंब बाहेरून, म्हणजे खोलीच्या बाजूला, असतील तर ती खोलीतल्या हवेची वाफ थंड भिंतीवर जमते आहे. भिंतीलगतच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे हवा खेळत नसल्याने ती आधी तिथेच धरते. या दुसऱ्या दुखण्यावर पुष्कळसा उपाय तुमच्याच हातात असतो.

चौथी चावी

मी चौघांच्या घरात राहिलो आहे, म्हणून फक्त एका कलमाविषयी लिहितो. आमचा करार एकच होता, त्यावर चौघांच्या सह्या होत्या आणि संपूर्ण भाड्याची जबाबदारी चौघांवर 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे' आहे असे त्यात लिहिलेले होते. आम्ही ते वाचले होते, पण त्याचा अर्थ आम्हाला चौथ्या महिन्यात कळला. एकाला दुसऱ्या शहरात काम मिळाले, तो चांगल्या मनाने निरोप घेऊन गेला आणि त्याचा वाटा आम्हा तिघांवर आला. तुमच्याच प्रमाणात सांगायचे तर चौघींचे ३०० तिघींत वाटले की प्रत्येकीला १०० पडतात, म्हणजे वसतिगृहाइतकेच, आणि वर ती चाळीस मिनिटे आहेतच. नवा माणूस मिळायला आम्हाला तीन महिने लागले, कारण सत्राच्या मध्यावर कोणी जागा शोधत नसते.

घरमालक तयार असेल तर प्रत्येकीचा स्वतंत्र करार करून घ्या. तयार नसेल, तर निदान चौघींनी आपसांत लिहून ठेवा की, मध्येच सोडून जाणारीने बदली माणूस आणायचा किंवा दोन महिन्यांचे भाडे द्यायचे. मैत्रीत असे लिहून घेणे अवघड वाटते हे मला माहीत आहे. अनामत रकमेविषयी एवढेच सांगतो की, चावी घेतली त्याच दिवशी विजेच्या मीटरचे, प्रत्येक भिंतीचे, गादीच्या खालच्या बाजूचे आणि फ्रिजच्या रबराचे तारखेसह छायाचित्र काढून ते घरमालकाला त्याच दिवशी पाठवा. आमची निम्मी अनामत जिच्यापायी कापली गेली ती स्वयंपाकघरातली फरशी आम्ही येण्याआधीच फुटलेली होती, हे आम्हाला कधीच सिद्ध करता आले नाही.

एकटीची खोली

वरचे सगळे हिशेब मान्य करूनही मला महागड्या पर्यायाची बाजू घ्यायची आहे, कारण ती इथे कोणीच घेतलेली नाही. प्रबंध लिहायच्या वर्षी मी एकटीची खोली घेतली. मला ती परवडत नव्हती. शिकवण्या करून मी फरक भरून काढला. रात्री दोन वाजता दिवा लावताना कोणाची झोपमोड होणार नाही, आणि कोणाच्या फोनवरच्या बोलण्याने माझे वाक्य अर्धवट सुटणार नाही, या दोन गोष्टींसाठी मी ते पैसे दिले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

तरीही तोटा सांगते. त्या इमारतीत मी वर्षभर राहिले आणि माझ्या मजल्यावरच्या एकाही मुलीचे नाव मला माहीत नव्हते. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघा संशोधकांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले होते की, शेजारच्याच दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोक एकमेकांचे जवळचे मित्र झाले होते आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण फक्त १० टक्के होते. मात्र त्या वसाहतीत जिना सामाईक होता आणि टपालपेट्याही सामाईक होत्या. जिथे प्रत्येक खोलीत स्वतःचे बाथरूम, स्वतःची शेगडी आणि लिफ्टसमोरच दार असते, तिथे शेजार असूनही गाठ पडत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी ही खोली कधीच सुचवणार नाही. दुसऱ्या वर्षाला, ज्याच्या ओळखी झालेल्या आहेत आणि ज्याला आता लिहायला बसायचे आहे त्याला, सुचवेन.

पॅसेजच्या टोकाला

सर्वांचे मनापासून आभार. या दहा दिवसांत मी काय काय केले ते लिहिते, कारण काही उत्तरे अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली.

मार्गदर्शकांना विचारले, तर सुट्टीत मला थांबावेच लागणार आहे. म्हणजे हिशेबाच्या वहीप्रमाणे वसतिगृह आणि भाड्याचे घर सारखेच पडते. मग मी वसतिगृहाच्या कार्यालयात गेले. तिथे असे कळले की, प्रबंधाचे काम चालू असल्याचे विभागाचे पत्र दिले तर सुट्टीत तळमजल्यावर राहता येते आणि शुल्क महिन्याच्या त्याच दराने लागते. ही सोय आधीपासून होती. सूचनाफलकावर ती का नाही, याचे उत्तर मिळाले नाही. म्हणजे बारा महिन्यांचे १२०० झाले. तक्रार-नोंदवहीही मी मागितली. ती त्यांनी लगेच दाखवली, आणि पाण्याच्या तक्रारी खरोखरच दोन-तीन दिवसांत मिटलेल्या होत्या. आमच्या दिव्याची तक्रार मात्र त्यात नव्हतीच. मजल्यावरच्या सोळा जणींपैकी प्रत्येकीला वाटत होते की दुसरीने ती केली असेल. मी ती नोंदवली आणि चौथ्या दिवशी नवा दिवा लागला.

प्लास्टिकची परीक्षाही केली. थेंब खोलीच्या बाजूला होते. आम्ही दोघी रात्री ओले कपडे खोलीतच दोरीवर टाकतो आणि खिडकी लावून झोपतो. त्यात कपाट भिंतीला चिकटवून ठेवलेले. कपाट हातभर पुढे ओढले आहे आणि कपडे आता गच्चीवर जातात. काळे डाग पुसल्यावर अजून परत आलेले नाहीत. खासगी इमारतीत रात्री साडेदहाला जाऊन आले. खिडकी चार बोटेच उघडते आणि हवेचे यंत्र कधी चालू असते हे तिथे कोणालाच सांगता आले नाही. घरमालकाने स्वतंत्र करारांना नकार दिला, आणि आमच्यापैकी एक जण डिसेंबरमध्ये परदेशी जाण्याच्या खटपटीत आहे हे मला त्याच संध्याकाळी कळले.

तेव्हा मी वसतिगृहातच राहायचे ठरवते आहे, पण बाथरूमचे गणित तसेच उरते. वरच्या मजल्यावर दहा जणींमध्ये दोन बाथरूम आहेत. तिथे खोली बदलून मिळण्यासाठी अर्ज केव्हा आणि कसा करावा?

निवृत्त अधीक्षक

आत्ताच करा, वाटप जाहीर होण्याची वाट पाहू नका. अर्जात 'वरच्या मजल्यावर खोली मिळावी' असे मोघम न लिहिता, चालतील अशा तीन-चार खोल्यांचे क्रमांक पसंतीच्या क्रमाने लिहा आणि तुमची सोबतीणही बदलायला तयार असेल तर दोघींचा एकच अर्ज द्या, कारण एक खाट हलवण्यापेक्षा पूर्ण खोली हलवणे कार्यालयाला सोपे जाते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका. सत्र सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत काही विद्यार्थी आलेलेच नसतात आणि त्या खाटा मोकळ्या होतात. त्यामुळे पहिल्या यादीत नाव नसले तरी पंधराव्या दिवशी तोच आवक क्रमांक घेऊन पुन्हा जा. आणि सुट्टीतल्या सोयीची सूचना फलकावर लावावी, असा आणखी एक अर्ज त्याच दिवशी देऊन टाका. तुमच्या मजल्यावरच्या बाकी पंधरा जणींनाही ते ठाऊक नसणार.